दारं, कँटीन आणि संगणक एकाच कार्डावर: यातलं खरं ‘स्मार्ट’ कार्ड कुठलं?

उंबरठा

नमस्कार. एका संस्थेची सुमारे ६०० ओळखपत्रं नव्याने करायची आहेत. एकाच कार्डावर तीन कामं हवीत: १४ दारं, कँटीनची शिल्लक आणि हिशेब विभागातल्या २० जणांचं संगणकावरचं लॉगिन. तीन पुरवठादारांकडून तीन नमुने आलेत आणि तिघेही आपापल्या कार्डाला ‘स्मार्ट कार्ड’च म्हणतात.

नमुना अ: थोडं जाड, पांढरं, मागे दहा आकडी क्रमांक छापलेला, ‘१२५ किलोहर्ट्झ’.
नमुना आ: ‘मायफेअर क्लासिक १के’.
नमुना इ: ‘डेसफायर’. हवं असेल तर त्यावर सोनेरी चिपही बसवून देऊ म्हणतात.

फोनवरच्या एनएफसी ॲपने तपासलं. ‘अ’ फोनला दिसतच नाही. ‘आ’चा क्रमांक ४ बाइटांचा आणि कायम तोच. ‘इ’चा क्रमांकही ४ बाइटांचा, पण प्रत्येक टॅपला वेगळा येतो; पहिला बाइट तेवढा दर वेळी ०८. हे कार्ड बिघडलेलं आहे का?

विचारायचं ते असं: यातलं खरोखर स्मार्ट कुठलं आणि कशामुळे? सोनेरी चिपचं कार्ड आणि बिनस्पर्शाचं कार्ड आतून वेगळं असतं का? आणि दारांचं काम करणारे म्हणतात, रीडरने नुसता क्रमांक वाचला की पुरे. ते बरोबर आहे का?

---

७८१६

कसोटी एकच लावा. कार्ड स्वतः गणित करून उत्तर देतं, की आत लिहिलेलं विचारणाऱ्याला तसंच्या तसं सांगून टाकतं? जे नुसतं सांगून टाकतं त्याची नक्कल होते, कारण ऐकणाऱ्याला तेच दुसऱ्या कार्डावर लिहिता येतं. चुंबकीय पट्टी त्यातलीच. तुमचा नमुना ‘अ’सुद्धा त्यातलाच, स्पर्श लागत नाही एवढाच फरक.

सोनेरी चिपच्या कार्डांत दोन जाती आहेत आणि बाहेरून त्या ओळखू येत नाहीत.

पहिली, मेमरी कार्डं. आत प्रोसेसर नाही, फक्त थोडी स्मृती आणि तिच्यावर साधा पहारा. उदाहरणार्थ एसएलई ४४४२: २५६ बाइट जागा, त्यातले पहिले ३२ बाइट कायमचे कुलूपबंद करता येतात आणि लिहिण्यासाठी ३ बाइटांचा कोड लागतो. तीनदा चुकला की लिहिणं कायमचं बंद, वाचणं मात्र चालूच. फ्रान्समध्ये १९८३ पासून सार्वजनिक फोनसाठी वापरलेली कार्डं याच घराण्यातली.

दुसरी, प्रोसेसर कार्डं. बँकेचं कार्ड, सिम, पासपोर्टमधली चिप, संगणकावरच्या लॉगिनचं कार्ड ही सगळी यात येतात. चिप जेमतेम काही मिलिमीटरची (मोठी केली तर कार्ड वाकताना तडकेल), पण तिच्यात संपूर्ण संगणक असतो: प्रोसेसर, कार्यप्रणाली, काही किलोबाइट रॅम, कायमची स्मृती, कूटलेखनाचं गणित वेगाने करणारा वेगळा भाग आणि खरे यादृच्छिक आकडे देणारा स्रोत. ज्या किल्लीवर (म्हणजे गुप्त आकड्यावर) सगळा भरवसा ठेवायचा ती बाहेर वाचून काढण्याची आज्ञाच या चिपमध्ये नसते. बाहेरून प्रश्न जातो, आत किल्लीने गणित होतं, बाहेर फक्त उत्तर येतं.

सोनेरी चकतीकडे (म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या ‘चिप’कडे) नीट पाहा. चिप डाव्या हाताला येईल असं कार्ड धरलं, तर डाव्या ओळीत वरून खाली: सी१ वीजपुरवठा, सी२ रीसेट, सी३ घड्याळाचे ठोके, सी४ राखीव. उजव्या ओळीत: सी५ ग्राउंड, सी६, सी७ माहितीची ये-जा, सी८ राखीव. मधला मोठा सोनेरी भाग बहुधा सी५लाच जोडलेला दिसेल. सी६चा इतिहास थोडा वेगळा आहे. जुन्या चिपांना स्मृतीत लिहायला बाहेरून जास्त व्होल्टेज लागायचं, ते या पॅडमधून जायचं. पुढे चिप ते स्वतःच तयार करू लागली आणि पॅड रिकामा पडला. फोनमधल्या काही सिमकार्डांत आता तो एनएफसी चिपशी बोलायला वापरतात. बऱ्याच नव्या चकत्यांत सी४ आणि सी८ हे राखीव पॅड वगळलेले असतात, म्हणून आठऐवजी सहाच पॅड दिसतात.

कार्ड रीडरमध्ये घातल्यावर क्रम असा: रीडर रीसेटची रेषा खाली धरून वीज देतो (५, ३ किंवा १.८ व्होल्ट), मग घड्याळ सुरू करतो, मग रीसेट वर घेतो. त्यानंतर ४०० ते ४०,००० ठोक्यांच्या आत कार्डाने स्वतःची ओळख सांगायचीच. या ओळखीला एटीआर म्हणतात. ती जास्तीत जास्त ३३ बाइटांची असते आणि तिचा पहिला बाइट ३बी किंवा ३एफ. घड्याळ ३.५७१२ मेगाहर्ट्झ असेल आणि एका बिटला ३७२ ठोके दिले, तर वेग सेकंदाला ९,६०० बिट होतो. सुरुवात याच हिशेबाने होते. दोघांना जमत असेल तर वेग नंतर वाढवतात.

पुढचं संभाषण ठरीव साच्यातल्या आज्ञांचं, म्हणजे एपीडीयूंचं. कार्ड कधीच स्वतःहून बोलत नाही, विचारलं तरच उत्तर देतं. प्रत्येक उत्तराच्या शेवटी दोन बाइट असतात आणि बिघाड शोधताना तेच उपयोगी पडतात:

९०००: काम झालं.
६ए८२: मागितलेली फाइल किंवा ॲप्लिकेशन या कार्डावर नाही. बहुतेक वेळा चुकीचं कार्ड किंवा चुकीचा ओळख-क्रमांक.
६९८२: आधी पिन किंवा किल्ली सिद्ध करा.
६३सी२: पिन चुकला, दोन प्रयत्न उरले. शेवटचा आकडा म्हणजे उरलेले प्रयत्न.
६९८३: प्रयत्न संपले, पिन बंद.
६डी००: ही आज्ञा कार्डाला कळत नाही.

पिनची मोजणी चांगल्या कार्डात कशी होते तेही सांगतो. कार्ड आधी उरलेल्या प्रयत्नांतून एक वजा करून लिहून ठेवतं, मग पिन ताडून पाहतं, आणि बरोबर निघाला तर आकडा पुन्हा पूर्ण करतं. उलट केलं, म्हणजे आधी ताडून चुकल्यावर वजाबाकी केली, तर चोर स्मृतीत लिहिण्यासाठी वाढणारा विद्युतप्रवाह पाहून त्या क्षणी वीज तोडू शकतो आणि त्याला पाहिजे तितके प्रयत्न मिळतात.

मेमरी कार्डं वरच्या साच्यात बोलत नाहीत. साध्या यूएसबी रीडरमध्ये ती ‘कार्ड नाही’ किंवा ‘प्रतिसाद नाही’ अशी दिसतात आणि लोक कार्ड खराब समजून फेकून देतात. त्यांना त्या प्रकाराला आधार देणारा रीडर लागतो.

---

वेटोळं

बिनस्पर्शाची बाजू मी घेतो.

‘इ’ अगदी ठीक आहे. ४ बाइटांचा क्रमांक ०८ने सुरू होत असेल आणि दर वेळी बदलत असेल, तर तो त्या वेळेपुरता काढलेला यादृच्छिक क्रमांक असतो. येताजाता कुणी गुपचूप वाचून माणसाचा माग काढू नये म्हणून ही सोय आहे. पासपोर्टांतही ती असते. डेसफायरचा खरा क्रमांक ७ बाइटांचा. पण एक ध्यानात घ्या: डेसफायरवर ही सोय एकदा चालू केली की परत बंद करता येत नाही. पुरवठादाराने नमुन्यावर ती चालू करून दिली आहे. प्रत्यक्ष मागणीत ती हवी की नको हे आधी ठरवा (कारण किल्लीदार सांगतील).

आता यंत्रणा. कार्डात बॅटरी नाही. रीडरच्या वेटोळ्यातून १३.५६ मेगाहर्ट्झचा प्रवाह फिरतो, त्याचं चुंबकीय क्षेत्र कार्डाच्या वेटोळ्यातून जातं आणि तिथे वीज निर्माण होते. प्रमाणानुसार हे क्षेत्र मीटरला १.५ ते ७.५ अँपिअर असतं. कार्ड उलट ‘प्रक्षेपण’ करत नाही. ते स्वतःवरचा भार कमीजास्त करतं, त्याने रीडरच्या वेटोळ्यातल्या व्होल्टेजवर अगदी बारीक लहर उठते आणि रीडर ती ८४७.५ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर शोधतो. म्हणूनच अंतर फार तर १० सेंटिमीटर, आणि व्यवहारात २ ते ५.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर अंधारात फोनचा टॉर्च पांढऱ्या, न छापलेल्या कार्डाच्या मागे टेकवा. कडेच्या आतून फिरणारे तारेचे चार-पाच फेरे दिसतात आणि त्यांची दोन टोकं जिथे येऊन मिळतात तो काळा ठिपका म्हणजे चिप. काही कार्डांत वेटोळं अर्ध्याच भागात असतं, काहींत चक्क गोल. भोक कुठे पाडायचं ते या तपासणीनंतरच ठरवा.

नमुना ‘अ’ फोनला दिसत नाही, कारण फोनची एनएफसी १३.५६ मेगाहर्ट्झवरच चालते आणि ते कार्ड १२५ किलोहर्ट्झचं. त्यातल्या नेहमीच्या ईएम४१०० जातीत एकूण ६४ बिट असतात: ९ सुरुवातीचे, ४० माहितीचे, बाकीचे पडताळणीचे आणि एक शेवटचा. वीज मिळाली की कार्ड हेच ६४ बिट पुन्हा पुन्हा म्हणत राहतं, समोर कोण आहे याची चौकशी न करता. टी५५७७ सारख्या कोऱ्या कार्डावर ते काही सेकंदांत उतरवता येतात. शिवाय मागे छापलेला दहा आकडी क्रमांक बहुधा त्यातल्याच ३२ बिटांचा असतो, म्हणजे कार्डाचा फोटो मिळाला तरी पुष्कळदा काम भागतं. दारासाठी हे कार्ड घेऊ नका.

नमुना ‘आ’ मधोमध आहे. मायफेअर क्लासिक १के म्हणजे १६ विभाग, प्रत्येकी ४ खण, प्रत्येक खण १६ बाइटांचा: एकूण १,०२४ बाइट. प्रत्येक विभागाचा शेवटचा खण किल्ल्यांसाठी (६ बाइटांची किल्ली ए, ४ बाइट परवानग्यांचे, ६ बाइटांची किल्ली बी) आणि अगदी पहिला खण कारखान्याचा. हे वजा जाता हाताशी उरतात ७५२ बाइट. यात प्रश्नोत्तराची पद्धत आहे, पण तिचं गणित, क्रिप्टो-१, फक्त ४८ बिटांच्या किल्लीचं आणि मुळातच कच्चं. २००७-०८ मध्ये संशोधकांनी ते उलगडून जाहीर केलं. आज किल्ल्या काढायला एक छोटं यंत्र आणि थोडा वेळ पुरतो. क्रमांक बदलता येईल अशी कोरी कार्डंही मिळतात, त्यामुळे नक्कल क्रमांकासकट होते.

फोनच्या ॲपमध्ये एसएके नावाचा एक बाइट दिसतो, तो टिपून ठेवा. ०८ म्हणजे क्लासिक १के, १८ म्हणजे क्लासिक ४के, ०० म्हणजे अल्ट्रालाइट किंवा एनटॅग जातीचं साधं कार्ड, २० म्हणजे वरच्या थरातल्या आज्ञा समजणारं कार्ड, ज्यात डेसफायर आणि बरीच प्रोसेसर कार्डं येतात. काही फोनांची चिप क्लासिकची भाषा बोलत नाही. तिथे क्रमांक दिसतो पण आतलं वाचता येत नाही. तो कार्डाचा दोष नव्हे.

सोनेरी चिप आणि बिनस्पर्श एकाच कार्डावर दोन प्रकारे येतात, हे पुरवठादाराला नेमकं विचारा. ‘ड्युअल इंटरफेस’ म्हणजे एकच चिप, तिला दोन दरवाजे: चकती आणि वेटोळं. ‘हायब्रिड’ म्हणजे एका प्लास्टिकमध्ये दोन वेगळ्या चिपा, एकमेकींची गंधवार्ता नसलेल्या. ‘बसवून देऊ’ म्हणतात त्यावरून तुम्हाला हायब्रिड मिळणार असं दिसतं. तुमच्या कामाला ते चालेल.

---

उंबरठा

दोघांचेही मनापासून आभार. एटीआर आणि एसएके दोन्ही पाहिले. ‘इ’चा एसएके २० आहे. म्हणजे डेसफायर घ्यायचं हे पक्कं. पण दारवाल्यांचं म्हणणं असं की डेसफायर घ्या, हरकत नाही, आम्ही त्याचा क्रमांक वाचू आणि जुन्याच वायरिंगवरून दाराच्या पॅनेलला पाठवू. यात काही बिघडतं का?

---

किल्लीदार

सगळं तिथेच बिघडतं, म्हणून सविस्तर लिहितो.

कार्डाचा क्रमांक हा नाव पुकारण्यासारखा आहे. चार कार्डं एकदम समोर आली तर कुणाशी बोलायचं हे ठरवण्यासाठी रीडर तो विचारतो आणि कार्ड तो कुणालाही, विनाअट सांगतं. नाव सांगितलं म्हणजे ओळख पटली असं होत नाही. नुसता क्रमांक वाचणाऱ्या दारावर डेसफायर लावलं, तर सुरक्षितता नमुना ‘अ’इतकीच मिळते.

दुसरी अडचण वायरिंगची. जुनी पद्धत बहुधा विगँड असेल: दोन तारा, एकीवर शून्याचे ठोके, दुसरीवर एकाचे. नेहमीचा साचा २६ बिटांचा: ८ बिट जागेचा कोड, १६ बिट कार्डाचा क्रमांक आणि दोन्ही टोकांना एकेक पडताळणीचा बिट. डेसफायरचा क्रमांक ७ बाइट म्हणजे ५६ बिट. तो २४ बिटांत बसवायला रीडर सरळ कापतो. कापल्यावर दोन वेगळ्या कार्डांचा क्रमांक एकच निघू शकतो आणि मग एकाचं कार्ड दुसऱ्याचं दार उघडतं. नोंदवहीत तिसराच गोंधळ. शिवाय विगँडवर कूटलेखन नाही. रीडरमागच्या तारांना कुणी छोटं उपकरण जोडलं तर प्रत्येक क्रमांक उघडा मिळतो, कार्ड कितीही भारी असलं तरी.

त्यामुळे मागणी अशी लिहा: रीडरने डेसफायरवर एईएस या कूटलेखन-पद्धतीच्या १२८ बिटांच्या किल्लीने परस्पर-पडताळणी करावी, मग संरक्षित फाइलमधला आपला क्रमांक वाचावा, आणि पॅनेलपर्यंत ओएसडीपी या पद्धतीने, सुरक्षित वाहिनी चालू करून पाठवावा. ओएसडीपी आरएस-४८५ या तारेवरच्या संदेशवहनाच्या प्रमाणावर चालतं. वायर तीच चालेल का हे लांबी आणि जातीवर अवलंबून. पिळाची जोडी असलेली वायर असेल तर बदलावी लागत नाही असं अनेकदा होतं. सुरक्षित वाहिनीची कारखान्यातली किल्ली मात्र बदललीच पाहिजे, ती जगजाहीर आहे.

परस्पर-पडताळणी म्हणजे काय ते थोडक्यात. रीडर म्हणतो, पडताळणी सुरू करू. कार्ड एक यादृच्छिक आकडा कूटरूपात पाठवतं. रीडर तो उलगडतो, त्यात आपला आकडा जोडून पुन्हा कूटरूपात परत करतो. कार्ड आपला आकडा बरोबर आला का पाहतं आणि रीडरचा आकडा परत करतं. दोघांकडे तीच किल्ली असल्याशिवाय हे जुळत नाही आणि किल्ली हवेतून एकदाही जात नाही. दर वेळी आकडे नवे, म्हणून आधीचं संभाषण ध्वनिमुद्रित करून पुन्हा वाजवल्याने दार उघडत नाही.

आता किल्ल्यांची व्यवस्था. माझ्या मते या कामाचा अर्धा जीव इथे आहे.

कोऱ्या डेसफायरची मूळ किल्ली सगळी शून्यं. ती तशीच ठेवलेली कार्डं सर्रास सापडतात. ६०० कार्डांना एकच किल्लीही देऊ नका. एका कार्डातून ती कशीबशी निघाली तर सगळीच उघडी पडतील. एक मुख्य किल्ली ठेवा, तिच्यापासून प्रत्येक कार्डाच्या ७ बाइटी क्रमांकावर गणित करून त्या कार्डाची वेगळी किल्ली काढा. रीडर कार्डाचा क्रमांक वाचून तेच गणित करतो. मुख्य किल्ली रीडरमध्ये सॅम नावाच्या छोट्या सुरक्षित चिपमध्ये राहावी. दिसायला ती सिमसारखीच असते.

यादृच्छिक क्रमांकाचा पेच इथेच येतो. तो चालू असेल तर रीडरला खरा क्रमांक आधी कळत नाही, त्यामुळे कार्डाची वेगळी किल्ली काढता येत नाही. मग सर्व कार्डांत एक समान किल्ली ठेवून आधी तिच्याने खरा क्रमांक मागावा लागतो. जमतं, पण दारासमोरचा वेळ वाढतो आणि एक सामायिक किल्ली जन्माला येते. आतल्या आत चालणाऱ्या ओळखपत्रासाठी मी ही सोय बंदच ठेवीन.

मुख्य किल्ली कुणी बनवायची? संस्थेने. पुरवठादाराने बनवली आणि स्वतःकडेच ठेवली तर पुढची ६० कार्डंही त्याच्याकडूनच घ्यावी लागतील आणि दुसऱ्या कुणाचा रीडर कधीच चालणार नाही. करारात हे आधी लिहून घ्या. किल्ली दोन किंवा तीन भागांत तयार करा, प्रत्येक भाग वेगळ्या माणसाकडे सीलबंद पाकिटात. भाग एकत्र आले तरच किल्ली बनेल. प्रत्येक भागासोबत ३ बाइटांचा पडताळा लिहून ठेवा, म्हणजे वर्षानुवर्षांनी भरताना एक आकडा चुकला तर लगेच कळेल.

कँटीनबद्दल: सगळ्या काउंटरवर जाळं असेल तर शिल्लक सर्व्हरवर ठेवा, कार्ड फक्त ओळख पटवेल. हरवलेल्या कार्डाचे पैसे परत देणं सोपं जातं. जाळं नसेल तर डेसफायरची मूल्य-फाइल वापरा. तिच्यात वजाबाकी सांगितली तरी ‘पक्कं करा’ ही शेवटची आज्ञा येईपर्यंत काहीच बदलत नाही. मध्येच कार्ड उचललं तर जुनी शिल्लक शाबूत राहते. फसतं ते एका ठिकाणी: ‘पक्कं करा’ कार्डापर्यंत पोहोचलं, पण त्याचं उत्तर रीडरला मिळण्याआधी कार्ड उचललं गेलं. रीडर म्हणतो झालं नाही, कार्डातून पैसे तर गेले. यावर उपाय म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा अनुक्रमांक त्याच फेरीत कार्डावरच्या नोंद-फाइलमध्ये लिहायचा आणि तेच कार्ड पुन्हा टॅप झालं की आधी शेवटची नोंद तपासायची. सॉफ्टवेअर देणाऱ्याला हा प्रसंग करून दाखवायला सांगा. त्याचं उत्तर ऐकून त्याला काम किती येतं हे लगेच कळतं.

---

कार्डछपाई

किल्ल्या, आज्ञा सगळं वर आलंच आहे. प्रत्यक्ष कार्डं मरतात ती बहुतेक प्लास्टिक आणि तारेमुळे, तेवढं सांगतो.

कार्डाचं प्रमाण माप ८५.६० गुणिले ५३.९८ मिलिमीटर, जाडी ०.७६. छपाई भोक पाडण्याआधी करा. नेहमीचं वेटोळं कडेपासून आत दोनेक मिलिमीटरवर सुरू होतं आणि आठ-दहा मिलिमीटरचा पट्टा व्यापतं. लेसचं लांबट भोक त्या पट्ट्यात पडलं की एक फेरा तुटला तरी कार्ड कायमचं मुकं. भोक पाडायचं असेल तर त्यासाठी जागा सोडलेली कार्डं मागवा, नाहीतर भोक असलेलं कव्हर वापरा. मी कव्हरच सुचवीन.

दुसरं मरण चिपला तार जोडलेल्या जागी होतं. मागच्या खिशात कार्ड ठेवून बसलं की नेमका तोच सांधा रोज वाकतो. त्याचं लक्षण ओळखू येतं: कार्ड कधी चालतं कधी नाही, किंवा थोडं वाकवून धरलं तर चालतं. असं कार्ड लगेच बदला, ते सुधारत नाही. पीव्हीसी साधारण ७५-८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, तेव्हा उन्हात बंद गाडीच्या काचेपाशी ठेवलेलं कार्ड वाकडं होऊन छापयंत्रात आणि खाचेच्या रीडरमध्ये अडकतं.

छपाईत चिपच्या जागी किंचित उंचवटा असतो. थेट छापणाऱ्या यंत्राचा छापडोका तिथे टेकत नाही आणि फोटोवर पांढरा डाग राहतो. फोटो चिपपासून दूर ठेवा, किंवा आधी फिल्मवर छापून मग कार्डावर उतरवणारं यंत्र वापरा.

सोनेरी चकती पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड. खोडरबराने घासायची सवय वाईट; सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, तो गेला की खालचं निकेल उघडं पडतं आणि संपर्क आणखी बिघडतो.

रीडर लोखंडी चौकटीवर थेट लावला तर धातूत भोवरे-प्रवाह उठतात, ते क्षेत्राला विरोध करतात आणि ५ सेंटिमीटरचं अंतर १वर येतं. मध्ये फेराइटचा पत्रा किंवा निदान १०-१५ मिलिमीटरची प्लास्टिकची बैठक द्या. याच कारणाने धातूच्या कव्हरातलं कार्ड चालत नाही. पाकिटात दोन बिनस्पर्श कार्डं एकावर एक असली तर दोघांची वेटोळी एकमेकांचा सूर बिघडवतात. रीडरला दोन्ही दिसली तरी नेमकं कुठलं घ्यायचं ते त्याला ठरवून द्यावं लागतं.

---

उंबरठा

दारवाल्यांना ओएसडीपीबद्दल लेखी विचारलं आहे. आता राहिले लॉगिनचे २० जण. त्यांना डेसफायरवरच लॉगिन देता येईल का? आणि ६०० कार्डं येतील तेव्हा खोक्यात खरोखर सांगितलेलीच चिप आहे हे कसं तपासायचं?

---

७८१६

लॉगिनसाठी डेसफायर नको. काही सॉफ्टवेअर कार्डाचा क्रमांक वाचून पासवर्ड भरून देतात. ते क्रमांकावर चालणाऱ्या दाराचंच भावंड. तिथे सोनेरी चिप आणि डिजिटल प्रमाणपत्र हवं. खाजगी किल्ली कार्डातच तयार करायची, संगणकावर करून मग भरायची नाही. २,०४८ बिटांची आरएसए पद्धतीच्या किल्ल्यांची जोडी कार्डात बनायला कित्येक सेकंद, कधी अर्धा मिनिटही लागतो, त्या वेळी कार्ड ओढू नका. तेव्हा २० जणांना हायब्रिड आणि बाकी ५८० जणांना नुसतं डेसफायर, असं मागवा.

ठरवून ठेवायच्या गोष्टी: पिनचे प्रयत्न ३, कुलूप उघडणारा पीयूके कार्डधारकाकडे न देता मदतकक्षाकडे, कार्ड काढताच संगणकाला कुलूप, आणि प्रमाणपत्राची मुदत संपण्याआधी ३० दिवसांची सूचना. मुदत विसरली की एका सकाळी वीसही जण एकदम बाहेर राहतात. सगळ्यांची कार्डं एकाच दिवशी केली तर हे हमखास होतं. चिप जावाकार्ड जातीची (जावा भाषेतले छोटे प्रोग्रॅम चालवणारी) असेल तर तिच्यातल्या व्यवस्थापनाच्या किल्ल्याही बदला. चाचणीच्या किल्ल्या ४०, ४१, ४२ अशा क्रमाने ४एफपर्यंत जातात आणि सगळ्यांना ठाऊक आहेत. बदलताना अंदाजाने प्रयत्न करू नका. बऱ्याच कार्डांत दहाएक चुकांनंतर व्यवस्थापनाचं दार कायमचं बंद होतं.

---

किल्लीदार

खोक्याच्या तपासणीचं: वेगवेगळ्या पाकिटांतून किमान २० कार्डं उचला. प्रत्येकाचा एसएके २० आणि क्रमांक ७ बाइटांचा, पहिला बाइट ०४ (हा डेसफायर बनवणाऱ्या एनएक्सपी कंपनीचा उत्पादक-कोड) आहे का पाहा. मग यूएसबी रीडरवरून डेसफायरची आवृत्ती विचारणारी आज्ञा, ६०, द्या. उत्तर तीन तुकड्यांत येतं. पहिल्या तुकड्यात हार्डवेअरच्या मुख्य आवृत्तीचा बाइट असतो: ०० म्हणजे अगदी जुनं डेसफायर, ०१ म्हणजे ईव्ही१, १२ म्हणजे ईव्ही२, ३३ म्हणजे ईव्ही३. ०० आलं तर संपूर्ण खोकं परत करा. त्या चिपेच्या किल्ल्या वीजवापर मोजून काढता येतात हे २०११ मध्येच दाखवलं गेलं आहे. ईव्ही२ किंवा ईव्ही३ मागा.

शेवटी कोऱ्या शून्य-किल्लीने पडताळणी होते का पाहा. झाली नाही तर कुणीतरी आधीच किल्ली बदललेली आहे, आणि ती किल्ली तुमच्या हातात येईपर्यंत ते कार्ड तुमचं नाही. हे सगळं एका कार्डाला मिनिटभराचं काम आहे. पोचपावतीवर सही त्यानंतर करा.